दोन्ही बाजू काळ्या

"रंग तो अलग रख, बेईमान!"

करीमभाऊंचा हा आवाज मनकर्णाबाईंना स्वयंपाकघरात ऐकू आला, तेव्हा तव्यावर भाकरी होती. उठता आलं नाही, नुसतं ऐकावं लागलं. बाहेरच्या खोलीत त्यांचे यजमान कडुबा आणि करीमभाऊ रोजच्यासारखे टेबल टेनिस खेळत होते.

"घर माझं, टेबल माझं, बॅट माझी. तुला काय करायचंय रंगाशी?" कडुबा म्हणाले.

"कायदा है! एक बाजू लाल, एक काळी. समोरच्याला दिसलं पाहिजे कोणत्या बाजूनं मारला ते."

"दिसत नाय तर चष्मा बदल."

"चष्मा? एक तरफ चिकट रबर, एक तरफ सुका, अन् दोन्ही काळे! हात टेबलाखाली नेऊन बॅट फिरवतो, अन् मी इथं माकडासारखा नाचतो!"

"मग नाच की. बरा नाचतोस."

पुढं चपला ओढत नेल्याचा आवाज आला. "ह्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाय," असं करीमभाऊ दारातनं म्हणाले, आणि म्हणाले तसंच केलं. त्यांच्यासाठी टाकलेला चहा शेवटी मनकर्णाबाईंनीच प्यायला. वाया कशाला घालवायचा?

हे टेबल दोघांच्या कंपनीतलं. कंपनी बंद पडली, सामान विकायला काढलं, तेव्हा बाकीच्यांनी पंखे नेले, कपाटं नेली. कडुबांनी टेम्पोत घालून टेबल आणलं. मनकर्णाबाईंनी दिवाणासाठी राखलेल्या जागेवर ते बसलं ते बसलंच. पाहुणे आले की भिंतीला पाठ लावून, आडवं चालत आत यायचे. आता खेळाचं म्हणाल तर असं : चिकट रबराला चेंडू घटकाभर धरून ठेवता येतो. तिथनं तो निघतो तो गरगरत, हळू, आणि टेबलाला लागला की भलतीकडंच वळतो. सुक्या रबरावरनं येतो तो सरळ, फटकन. मारणाऱ्याचा हात एकच, चेंडूचा स्वभाव मात्र दोन. बाजूंचे रंग वेगळे असले तर समोरच्याला आधी कळतं. कडुबांना ते कळू द्यायचं नव्हतं, एवढीच त्यांची लबाडी. माणूस एरवी कुणाचं काडीचं नुकसान न करणारा.

भांडणानंतर कडुबा एकटेच बॅटवर चेंडू उडवत घरभर फिरायचे. करीमकडं जा म्हटलं तर म्हणायचे, "त्यानं यावं." मग एके दिवशी हाक आली, "अगं, ये जरा. नुसती समोर उभी राहा."

मनकर्णाबाईंनी पदर खोचला आणि उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी कडुबा अंघोळीला गेले असताना त्यांनी बॅट हातात घेतली. बोटाला चिकटली. त्यांना वाटलं, काहीतरी सांडलंय. चिकट पिठाला आपण काय करतो? त्यांनी ज्वारीचं पीठ घेतलं आणि दोन्ही बाजूंना छान लावलं.

"अगं, भाकरी थापायची का ह्याच्यावर?" कडुबा ओरडले. मग पाण्याच्या फडक्यानं पीठ पुसलं, रबर वाळवलं, तोंडाची वाफ दिली, तळहात फिरवला, आणि वरनं प्लास्टिकचा पातळ कागद बसवला. "ह्याला धूळ चालत नाय, पीठ चालत नाय, साबण चालत नाय. नुसतं पाणी. कळलं?"

कळलं. पण एक गोष्ट कुणी न शिकवता जमली. भाकरी जशी एका झटक्यात उलटते, तशी त्यांच्या हातात बॅट उलटायची. टेबलाखाली न्यायचीही गरज नव्हती. समोर, डोळ्यांदेखत फिरवली तरी कडुबांना दिसायची नाही.

"तू तर माझ्याहून लबाड निघाली," कडुबा म्हणाले. त्यांचं दुसरं कौतुक मनकर्णाबाईंना आठवत नाही. पण एवढं पुरलं.

गेल्या सालच्या उन्हाळ्यात कडुबा गेले. करीमभाऊ आले, गल्लीत उभे राहिले, तिरडीला खांदा दिला. उंबऱ्याच्या आत मात्र आले नाहीत. बोलले होते ना.

त्यानंतर घरात आवाजच उरला नाही. भाकरी थापताना बाहेरनं टक-टक ऐकायची मनकर्णाबाईंच्या कानाला सवय. आता कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला व्हायचं. मुलगा सुदर्शन पुण्याहून फोन करायचा, "आई, ते टेबल विकून टाक. तेवढीच जागा होईल."

"कुणासाठी रे जागा करू?" त्या विचारायच्या. तो बीपीच्या गोळीचं विचारायचा.

त्यांना जागा नको होती. टेबलाच्या पलीकडं कुणीतरी उभं पाहिजे होतं. शेजारची मोनिका एकदा हौसेनं आली, चार चेंडू मारले, मोबाईल वाजला, गेली. चांगली पोरगी, पण घाईतली.

शेवटी मनकर्णाबाई बॅट पिशवीत घालून उस्मानपुऱ्यात बन्सीच्या खेळाच्या दुकानात गेल्या. "सुकी बाजू काढ, लाल लाव," म्हणाल्या. बन्सीनं जुनं रबर सोलून काढलं, डिंक लावला, लाल चिकटवलं, कडेनं कात्रीनं कापलं. तीच बॅट घेऊन त्या थेट मागच्या गल्लीत करीमभाऊंच्या दारात उभ्या राहिल्या. बायको वारल्यापासून करीमभाऊही एकटेच असायचे.

"बघा. एक लाल, एक काळी. आता तर येताल?"

करीमभाऊंनी बॅट हातात घेतली, लाल बाजूवर अंगठा घासला. "भाभी, खेळणारा तर गेला."

"मी हाय की."

"तुम्ही?"

"हसू नका. ह्यांना रडवलंय मी."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला करीमभाऊ आले. उंबऱ्यावर थोडं थबकले, डोक्यावरची टोपी नीट केली आणि उजवं पाऊल आत टाकलं. खेळ सुरू झाला. लाल दिसलं की ते मागं सरायचे, काळं दिसलं की पुढं. सगळे डाव त्यांनीच जिंकले. खुश व्हायला पाहिजे होतं. पण माणूस खालमानेनं चहा पीत बसला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी जाता जाता म्हणाले, "भाभी, ये लाल रंग जरा आँखों को चुभता है."

"व्हय?"

"हौ. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना. काळा कसा, थंड असतो."

मनकर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. दुसऱ्या सकाळीच बन्सीकडं जाऊन त्यांनी लाल काढून पुन्हा काळं बसवून घेतलं. "काकू, तुमचं नक्की काय चाललंय?" बन्सीनं विचारलं. "डोळ्याचं औषध," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी पहिलाच चेंडू करीमभाऊंच्या बॅटला न लागता कानाजवळनं गेला. "बेईमान!" ते ओरडले, आणि असे हसले की खोकला लागला, पाणी द्यावं लागलं. हिवाळाभर रोज हेच. हरायचे, भांडायचे, चहा प्यायचे, उद्या येतो म्हणायचे.

मग पैठणहून त्यांची लेक कहकशा आली. अब्बांना चक्कर येते, एकटं ठेवायचं नाही, म्हणाली. खरंच होतं. मनकर्णाबाईंनीही त्याला 'व्हय' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? निघायच्या दिवशी करीमभाऊ खेळले नाहीत. टेबलाची जाळी तेवढी ताणून बांधली. "पंधरा दिवसांनी चक्कर टाकतो, भाभी."

जाळी ताणलेलीच राहिली. थंडी सरली, माठ काढायचे दिवस आले. एकदा फोन आला.

"इधर टेबल नहीं है, भाभी. जावयाचं घर लहान."

"असू द्या. तब्येत?"

"ठीक. एसटीत बसू देत नाहीत मला." जरा थांबून म्हणाले, "रबर धुता का?"

"धुते."

"साबण लावू नका."

"नाय लावत."

फोन ठेवल्यावर त्यांना कळलं, आता तिकडची बाजू मोकळीच राहणार. सुदर्शनला त्यांनी आपणहून फोन केला आणि टेबल विकणार नाही म्हणून एकदाच सांगून टाकलं. मग त्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि एकेक चेंडू पलीकडं मारत बसल्या, एक चिकट बाजूनं, एक सुक्या. कोणता कुठल्या बाजूनं गेला, हे बघायला कुणी नव्हतं. चेंडू पलीकडच्या भिंतीला लागून खाली पडायचे. संपले की कमरेवर हात ठेवून त्या गोळा करायच्या. एक पायाखाली आला आणि कट्‌कन फुटला.

फडकं भिजवून त्यांनी रबर पुसलं, वाळू दिलं, तळहात फिरवला, कागद बसवला. चपला घातल्या, पिशवी घेतली आणि ऊन उतरायच्या आत बन्सीच्या दुकानात पोचल्या.

"काकू, नेहमीचेच?"

"नेहमीचेच. पांढरे दे. अन् चिरलेला घालू नको मधी."

बन्सीनं डबी पुढं केली. त्यांनी एकेक चेंडू अंगठ्यानं दाबून पाहिला, एक परत केला, बाकीचे पिशवीत घातले. चौकात रिक्षा जाऊ दिल्या, हात दाखवत रस्ता ओलांडला आणि घराकडं वळल्या.