साकवाजवळचा कट्टा

घाटवाटेवरच्या दगडी साकवाजवळ पूर्वी छातीएवढा उंच कट्टा होता. डोक्यावरची मोळी त्यावर सरकवायची, दम खायचा आणि कुणाच्या मदतीशिवाय ती पुन्हा डोक्यावर घ्यायची. ट्रेकर्सना बसता यावं म्हणून तो पाडून त्याच दगडांचा बुटका बाक केला आहे.

काल मी त्या बाकावर एकटाच बसलो होतो. साकवावरून एक म्हातारी मोळी घेऊन आली.

"आजी, बसा की जरा."

"बसले तर हे परत डोक्यावर कोण चढवील? तुझा बाक?"

"मी आहे ना."

"आज हायेस. बरं, धर."

ती गुडघे चोळत बसली. कट्टा पाडताना तिला कुणी विचारलं होतं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओझं खाली ठेवायचीही भीती वाटावी, असा एकटेपणा मी पाहिला नव्हता. कट्टा बांधणाऱ्या जुन्या गवंड्याला मात्र तो ठाऊक असावा.

मी मोळी चढवून दिली.

"उद्या येशील का रं?" तिने चालता चालता विचारलं.

माझी संध्याकाळची परतीची एसटी होती. म्हातारी वळणाआड गेली, तरी मला त्या बाकावर पुन्हा बसवेना.