जीपची लांबी

सांगतो, पण आधी तो चहाचा कप खाली ठेवा. हसताना अंगावर सांडाल आणि वर मलाच बोल लावाल.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. आंब्याच्या पेट्या न्यायला माझ्याकडे एक जुनी जीप होती. आणि आमच्या मालगुंडचा खारा वारा लोखंड बिस्किटासारखं खातो! जीपच्या तळाला एवढी भोकं, की ब्रेकवर पाय ठेवला तर खाली रस्ता पळताना दिसायचा. सोमवारी गाडीचं पासिंग. नापास झाली तर माझा आंबा बागेतच सडणार!

रत्नागिरीच्या एका गॅरेजवाल्याने आकडा सांगितला. मी म्हटलं, "मेल्या, दुरुस्ती सांगतोस की नवी गाडी विकतोस?" आणि जीप नेऊन आमच्या गावच्या बबन पेंटरच्या अंगणात उभी केली.

"बबन्या, स्वस्तात कर. सडलंय तेवढं सगळं काप."

"तात्यानू, तुम्ही बघाच."

गडी कामाचा. तारेच्या ब्रशाने गंज खरवडला, वर तांबडा रंग मारला, गोडेतेलाचे डबे कापून भोकांवर पत्रे ठोकले. ड्रायव्हरच्या पायाखाली छापलेलं, 'शुद्ध शेंगदाणा तेल'! असू दे. पाय काय वाचतात?

शनिवारी मी रत्नागिरीला निघालो. एसटी हॉर्न मारतेय आणि बायकोने हातात चिठ्ठी कोंबली. "बबन देऊन गेलाय."

मी चौथी नापास. अक्षराला अक्षर लावत निम्म्या वाटेत चिठ्ठी संपवली. "लांबी कमी पडली. येताना लांबी आणा. नायतर पासिंग होणार नाय."

मेल्याने सडकं कापता कापता माझी गाडी आखूड केली!

तसाच पासिंगच्या ऑफिसात घुसलो. टेबलामागच्या साहेबाला विचारलं, "साहेब, गाडी जराशी आखूड झाली तर चालते काय?"

साहेबाने पेन खाली ठेवलं. "आखूड? धुतल्यावर आटली काय?"

"थट्टा नको. मागून कापलीय."

"काका, गाडीच्या बुकात लिहिलीय तेवढीच लांबी पाहिजे. नंबर सांगा बघू गाडीचा."

आणि मी शहाण्याने सांगितला!

मग भंगारवाल्यांकडे वणवण. शेवटी दुसऱ्या एका जीपचा मागचा हातभर तुकडा मिळाला. तो खांद्यावर घेऊन एसटीत चढतोय तर कंडक्टर म्हणतो, "काय काका, गाडी हप्त्या-हप्त्याने नेताय?"

सगळी एसटी हसली. हसा मेल्यांनो!

अंगणात बबन वाटच बघत होता. "लांबी आणलीत?"

"ही घे! चांगली हातभर आहे!"

बबनने तुकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मटकन खालीच बसला.

"अहो तात्यानू, लांबी म्हणजे भोकं बुजवायचा लगदा! खिडकीच्या काचेला लावतात तो! डब्यात मिळतो!"

मी जीपभोवती फेरी मारली. बोटभरही कमी नव्हती. पण चूक कबूल करीन तर तो मी कसला?

"मला शिकवू नकोस. हा तुकडा मागे पायरीला आणलाय. पेट्या चढवायला. बसव."

"पण तात्यानू..."

"बसव म्हणतो ना!"

त्याने बोल्ट कसले. खरी लांबी सुताराकडून मागून आणली, भोकं बुजवली, रंग दिला. जीप नवरीसारखी दिसायला लागली.

सोमवारी तोच साहेब टेप घेऊन उभा. "हीच ना ती आटलेली?"

पुढून मागे टेप लावला. बुक बघितलं. परत टेप लावला. मला म्हणाला, "काका, गंजाचं काम एक नंबर झालंय. पण गाडी नापास."

"का?"

"हातभर लांब आहे."

बघा नशीब! चौथीत मी कमी पडलो म्हणून नापास आणि गाडी जास्त झाली म्हणून नापास!

बबन मागे तोंडात रुमाल कोंबून उभा. "तात्यानू, तेवढी लांबी काढू काय?"

तिथेच आवारात पाना काढून त्याने पायरी सोडवली. साहेबाने तिसऱ्यांदा टेप लावला आणि गाडी पास झाली. आंबा वाचला. नाव मात्र गेलं. त्या दिवसापासून अख्खा गाव मला 'लांबीतात्या' म्हणतो.

आणि माझी उंची? पाच फूट. तीसुद्धा चपला घालून!