तिसरी पायरी

सरकारी दवाखान्यात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांसारखे ते आपोआप साठतात. सत्तरच्या दशकात मी मंगरूळपीरकडच्या एका दवाखान्यात आरोग्य शिक्षक होतो. माझ्याकडे ना सुई, ना गोळी. काम एकच, लोकांच्या सवयी बदलायच्या!

ट्रेनिंगहून येताना मी एक तक्ता आणला होता. त्यावर तीन पायऱ्या. पहिलीवर माणसाला समजतं, दुसरीवर पटतं, तिसरीवर तो तसं वागायला लागतो. तो तक्ता मी ओपीडीत, डॉक्टरांच्या खुर्चीमागे ठोकला आणि येईल त्याला समजावू लागलो.

एकदा डॉक्टर एका म्हाताऱ्याला बिडीचे तोटे सांगत होते. अगदी कळकळीनं. बोटांत सिगारेट! म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, तक्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, तुमी सोता कोनत्या पायरीवर?"

डॉक्टरांनी सिगारेट विझवली. दुपारच्या चहापर्यंत.

*

आसेगावला डीडीटी फवारणारे आले की घराघराला आतून कडी. मी चावडीसमोर मलेरियावर तासभर बोललो. माना डोलल्या, दार एकही उघडलं नाही. शेवटी एका आजीनं विचारलं, "ह्या दवाईनं ढेकनं मरतात काय?"

"मरतात की."

"मंग इतका येळ काय बोलून राह्यला गा? आधी थेच सांगाव ना!"

घटकाभरात सगळी गल्ली खाटा बाहेर काढून उभी! मलेरियाचं कोणाला काही पटलं नव्हतं. पहिल्या दोन पायऱ्या सोडून सगळे थेट तिसरीवर. तक्त्यात हे कुठं बसवायचं ते मला आजवर कळलेलं नाही.

*

एका सरपंचांनी सरकारी मदतीतून संडास बांधला आणि त्याला कुलूप लावलं. म्हणाले, "नवा हाय, खराब होईन."

ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, नुसतं सांगू नका, करून दाखवा. हे वाक्य मी मोठ्या उत्साहानं सरपंचांना ऐकवलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर संडासासमोर सतरंजी अंथरलेली, गाव जमलेलं आणि सरपंच कुलूप काढून, हातात पाण्याचं टमरेल घेऊन उभे.

"या मास्तर, दाखवा करून!"

*

गयाबाईचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ती कारंजा तालुक्यातल्या धनजची. तिला क्षय झाला होता. जवळचे दवाखाने सोडून, बस बदलत ती महिन्याच्या गोळ्या न्यायला आमच्याकडे यायची. कारण इथं तिला ओळखणारं कोणी नव्हतं. बाकावरच्या नव्या पेशंटना ती माझ्यापेक्षा चांगलं समजावायची. "खोकला थांबला म्हनून गोळ्या सोडू नोका. बिमारी उलटली तं मंग ह्या गोळ्या बी लागू पडत नाई."

आणि खोकला थांबल्यावर तिचंच येणं बंद!

मी धनज गाठलं. मला बघताच तिनं बुद्धविहाराच्या मागं नेलं. "तुमी काहून आले जी? पोरीचं जमून राह्यलं. पोरगा कामरगावचा, नोकरीवाला. मले टीबी हाय हे त्यायले समजलं तं सोयरीक मोडते."

मला राग आला, आणि तिच्या जिवाची भीतीही वाटली. "आणि तुम्हीच राहिला नाहीत तर पोरीचं कोण पाहील?"

ती खाली बघत म्हणाली, "समजते मले, मास्तर. पटते बी."

माझ्याच तक्त्याच्या दोन पायऱ्या! शेवटी मी म्हणालो, "आमच्याकडे कामरगावचं कुत्रंसुद्धा फिरकत नाही. मी सांगतो ना!"

*

पुढच्या गोळ्यांच्या दिवशी ती आली, नाकापर्यंत पदर ओढून. बाकावर आणखी एक बाई तशीच बसलेली, नवी.

आमच्या कंपाउंडरला नाव-गाव खणखणीत पुकारायची सवय. "गयाबाई, धनज!"

ती नवी बाई एकदम भिंतीकडे तोंड करून बसली. गयाबाईनं पुडी घेतली आणि ती वळली, तोच दुसरा पुकारा झाला.

"शांताबाई, कामरगाव!"

दोघींचे पदर एकदमच सरकले. होणारी विहीण! गयाबाई पुडी छातीशी धरून जागच्या जागी उभी.

शांताबाई उठली, तिच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "ईनबाई, तुमच्या पोरीले सांगू नोका. सासूले टीबी हाय म्हनलं तं नाई म्हनन थे!"

गयाबाईनं तिच्याकडे निरखून पाहिलं. मग पुडी कमरेला खोचली.

"नाई सांगत. पन खोकला थांबला म्हनून गोळ्या सोडू नोका, ईनबाई!"