पारूच्या शेळ्या कुणाच्या नावावर?

मैत्रिणींनो, आज दुपारपासून मी स्वतःच्याच कोडमध्ये अडकून बसले आहे.

आमचं शेळ्यांच्या लसीकरणाचं छोटं ॲप आहे. त्यात घरातल्या सगळ्या शेळ्या कुटुंबप्रमुखाच्या नावावर दिसतात. तलवाड्याची पारू म्हणाली, "ताई, माहेरानं दिलेल्या शेळ्या हायत. माझं नाव कावून न्हाई?"

तिचं बरोबर होतं. सकाळी मी आतली रचना बदलली आणि प्रत्येक शेळीला तिचा स्वतःचा मालक दिला.

तासाभरात सगळ्यांच्या फोनवरचं ॲप बंद पडलं. कारण आतली रचनाच मी जशीच्या तशी फोनवर पाठवत आले होते; ती बदलली आणि फोनवरच्या ॲपला ती ओळखता येईना. बाहेर द्यायच्या माहितीचा वेगळा साचा, म्हणजे डीटीओ, केलाच नव्हता. बाहेर पडताना घरचे कपडे बदलावेत, एवढं कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी प्रेमानं शिकवलं होतं. कोडला मात्र मी तसंच सोडलं.

लसीकरण थांबू नये म्हणून सगळं पूर्ववत केलं; शेळ्या पुन्हा कुटुंबप्रमुखाच्या नावावर गेल्या. लगेच पारूचा फोन आला.

"ताई, सकाळी सासूला माझं नाव दाखवलं. आता ती हसायली. म्हणती, ॲपला बी कळतं शेळ्या कुणाच्या ते."

साचा करायला घेतलाय. पण तो होईपर्यंत पारूनं सासूला काय उत्तर द्यावं? तुम्हाला सुचतंय का?