डब्यातली माती

ब्रेंडननी चहाच्या डब्याचं झाकण फिरवलं, तेव्हाच मी "जरा थांबा" म्हणायला हवं होतं. मी थांबवलं नाही. उलट त्यांना उन्हात उभं राहायला लागू नये म्हणून छत्री धरली.

डब्यात माती होती, आयर्लंडमधल्या एका थडग्यावरची. ब्रेंडनच्या पणजीची. तिचा नवरा डेनिस इंग्रजांच्या काळात इकडे रस्त्याच्या कामावर आला आणि परत गेलाच नाही. ती शेवटपर्यंत वाट बघत राहिली. आता ब्रेंडन ऐंशीच्या पुढचे. पुन्हा एवढा प्रवास व्हायचा नाही. पणजीची माती पणजोबाच्या थडग्यावर टाकायची, एवढ्यासाठी ते मुलीला, मोरीनला, घेऊन पनवेलला आले होते. तिकडे मोरीन काम करते त्या हॉस्पिटलात माझ्या बायकोची मावसबहीण नर्स आहे. तिने सांगितलं, "आमचे भाऊजी जुने रेकॉर्ड काढण्यात एक्स्पर्ट आहेत."

एक्स्पर्ट म्हणजे मी टायटल सर्च करणारा वकील. कुणी जमीन घेत असेल तर विकणारा खरोखर मालक आहे का, हे जुने फेरफार, खरेदीखतं बघून सांगायचं. मग पेपरात जाहीर नोटीस द्यायची, की कुणाची हरकत असल्यास अमुक दिवसांत कळवावी. हरकत आली नाही की रिपोर्टवर लिहायचं, टायटल क्लिअर. विमानतळ आल्यापासून उलव्यापासून नेऱ्यापर्यंत असे रिपोर्ट लिहून माझा हात दुखतो.

डेनिसचा सर्चही मी तसाच केला. चर्चमध्ये गेलो. फादर म्हणाले, इतकी जुनी दफनं आमच्याकडे नाहीत. मग शहराबाहेर जुन्या रस्त्याला लागून गोऱ्यांची एक छोटी दफनभूमी आहे, तिथे गेलो. राखणदार फ्रान्सिसमामा गवत कापत होते. सगळ्या थडग्यांवर नावं होती. एकावरचा दगड मात्र फुटून गेलेला.

"हे कुणाचं?"

"कुणाचंच नाही. मी आल्यापासून कोणी विचारायला आलं नाही."

झालं. काळ जुळत होता, रस्ता जुळत होता, दुसरा दावेदार नव्हता. हरकत कुणाचीच नाही. मी मोरीनला फोन केला आणि म्हणालो, "सापडलं."

'बहुतेक' हा शब्द ओठावर आला होता. मी तो गिळला. बायको समोर बसून कौतुकाने ऐकत होती.

ब्रेंडननी डबा उपडा केला, तळ थोपटून शेवटचा कणही पाडला. मग थडग्यापाशी वाकून ते त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटले आणि हसले. मोरीन रडली. मला ब्रेंडननी मिठी मारली. तशी मला कुणी मारत नाही.

दुसऱ्या दिवशी नेऱ्याच्या पुढे एका जमिनीची मोजणी होती. मोजणी म्हणजे सरकारी सर्व्हेअर येऊन हद्द कायम करतो. जमीन बबनशेठची. हातात दोन अंगठ्या, दारात मोठी गाडी, आवाज असा की मोबाईलची गरज नाही. माझा क्लायंट बिल्डर सगळी जमीन मागत होता. शेठ एक कोपरा सोडायला तयार नव्हते.

"त्यो कोपरा देनार नाय वकीलसायेब. थं देव हाय."

"सातबाऱ्यावर देवाची नोंद नाही, शेठ."

"देव काय तलाठ्याला इचारून बसतो?"

बांधाच्या कडेला आंब्याखाली शेंदूर फासलेला उंच, चपटा दगड होता. पुढ्यात नारळ, विडीचं बंडल आणि देशीची क्वार्टर. शेठच्या बायकोने, सुमनवहिनींनी, हात जोडले आणि विडी पेटवून दगडाच्या कपारीत खोचली.

"विडी?" मी विचारलं.

"सायबाचा देव तो," वहिनी म्हणाल्या. "त्याला विडी लागते. नाय दिली तर कामात आडवा येतो."

"कुठला साहेब?"

"गोरा. रस्त्याचा," शेठ म्हणाले. "आमच्या आज्याच्या बापाकडं उतरला व्हता. पटकी झाली. पनवेलला न्यायला बैलगाडी जुपली, तवर गेला. हितंच पुरला. मागनं त्याच्या संगतीच्या गोऱ्यांनी दगड उभा केला."

पटकी म्हणजे कॉलरा. मोरीनने पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, "पनवेलला पोचण्याआधी तो कॉलराने वारला, एवढंच घरी ठाऊक आहे." पोचण्याआधी. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं. आणि शोधलं कुठे, तर पनवेलमध्ये. उभा जन्म जमिनीच्या कागदात गेला, पण माणूस जमिनीत असतो हे काही सुचलं नाही. सर्व्हेअरकडचा जुना गावनकाशा मागून घेतला. त्या कोपऱ्यात बारीक फुली होती, थडग्याची खूण. रोज असल्या फुल्यांवरून नजर फिरते माझी.

आता खरं सांगतो. गप्प बसायचा विचार आला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं. ती दोघं खूश, बायको खूश, मावसबहीण खूश. हरकत घेणारं कोण होतं? मी स्वतःच. आणि मला हरकती घेण्याची सवय नाही.

लॉजवर गेलो तर ब्रेंडन वेटरला मोबाईलवर थडग्याचे फोटो दाखवत होते. वेटर मान डोलवत होता. मी बसलो, पाणी प्यायलो आणि सगळं सांगून टाकलं. चुकलो म्हणालो. खात्री नसताना खात्री सांगितली, म्हणालो.

ब्रेंडननी डोळे मिटले. मला वाटलं, म्हातारबुवांना काही झालं. तर ते खांदे हलवून हसत होते.

"म्हणजे माझी पणजी काल रात्री परक्या पुरुषाशेजारी झोपली!"

"डॅड!"

"अगं, ती जिवंत असती तर मला झोडपलं असतं. आणि यांनाही." मग डोळे पुसून माझ्याकडे वळले. "चला, कुठे आहे तुमचा विडी ओढणारा?"

बांधावर दुसरीच अडचण. दगडावर अक्षरं असली तर शेंदराच्या थराखाली. मी म्हणालो, जरा खरवडून बघू. सुमनवहिनींनी कंबरेवर हात ठेवले.

"देवाला खरवडतात? तुमच्या घरचा गनपती खरवडाल?"

"मग कळणार कसं, वहिनी?"

"त्यालाच इचारू. कौल लावू."

कौल म्हणजे देवाला प्रश्न विचारून त्याच्या अंगाला ओली फुलं चिकटवायची. उजव्या बाजूचं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. मी हे इंग्रजीत समजावताना लाजलो. ब्रेंडन मात्र लगेच टोपी काढून उभे राहिले. त्यांच्या गावी म्हणे एक विहीर आहे, तिला लोक असंच विचारतात.

वहिनींनी दोन्हीकडे तगरीची फुलं लावली. "सायबा, तुझ्या घरची मानसं आलीत म्हनतात. खरं असंल तर उजवा दे." आम्ही सगळे फुलांकडे बघत. डावीकडचं फूल घसरलं, पण अर्ध्यावर अडकलं. सर्व्हेअर टेप गुंडाळायचा विसरला. शेठ कुजबुजले, "विडी संपली काय रं त्याची?"

उजवं फूल पडलं.

"दिला!" वहिनी म्हणाल्या. "पन तोंडाला हात नाय लावायचा. पाठीकडनं बघा."

मागून शेंदूर पातळ होता. शेठनी स्वतः खोबरेल आणि फडकं घेऊन पुसलं. आधी एक क्रॉस आला. मग डेनिस. मग आडनाव. सगळ्यात खाली आयर्लंडमधलं गाव, ते मोरीनने मोठ्याने वाचलं आणि बापाचा हात धरला. शेठनी नाव दोनदा म्हणून पाहिलं. "इतकी वर्षं देवाचं नाव म्हाईत नव्हतं बगा."

राहिली माती. फ्रान्सिसमामांनी आमचं ऐकून घेतलं आणि खुरपं पुढे केलं. "काल टाकायला आलात, आज न्यायला. उद्या काय?" ब्रेंडननी वरवरची माती डब्यात भरली. थोडी त्या फुटक्या थडग्यावर राहू दिली. विमानातून आणलेली व्हिस्कीची छोटी बाटलीही तिथेच ठेवली. "सोबत केलीस, आभारी आहे," म्हणाले.

विमान दुसऱ्या दिवशी रात्रीचं होतं. जाताना ते नेऱ्यावरून गेले आणि डबा डेनिसपाशी रिकामा केला. वहिनींनी डेनिसला त्या दिवशी दोन विड्या लावल्या.

बिल्डरने कुरकुर करत कोपरा सोडला. रिपोर्टमध्ये मी त्या जागेवरचा डेनिसचा हक्क नावासकट लिहिला. आता 'हरकत नाही' असं मी लिहीत नाही. 'मला आढळली नाही' असं लिहितो. त्यामुळे दोन क्लायंट गेले.

परवा फ्रान्सिसमामा भेटले. "वकीलसाहेब, त्या फुटक्या दगडाखालच्याचं काय?"

त्याचाही सर्च चालू आहे. अजून सापडलेला नाही. मामांना मी तसंच सांगितलं.