साळवी सरांचे अकरा

सिल्वासातल्या आमलीत, टपरीवर चहा संपतो, किस्से संपत नाहीत. आमच्या कंपनीच्या फुटबॉल टीमचे तर इतके साठलेत, की त्यातलं खरं किती आणि मीठमसाला कुणाचा, हे आता कुणालाच सांगता येत नाही. साळवी सरांचे मात्र मी स्वतः पाहिलेत. मी गोलकीपर होतो.

सर आधी मुंबईच्या एका व्यावसायिक क्लबचे सहायक कोच. क्लब हरत गेला, नवा हेड कोच स्वतःची माणसं घेऊन आला आणि सर बाहेर. "सहा महिने सिल्वासात काढतो, तोवर कुठल्यातरी क्लबचा फोन येईल," म्हणून आमच्या टीमचे कोच होऊन आले. त्याला आठ वर्षं झाली.

*

कंपनीत तीन शिफ्ट. त्यामुळे प्रॅक्टिसला कधी पाच जण, कधी सात. सर म्हणायचे, "माझ्याकडे तीन टीम आहेत, पण अकराची एकही नाही."

*

जवळच्या सामरवरणी गावातल्या मॅचला आमचा स्ट्रायकर भिका, खानदेशातल्या शिरपूरचा. गोलपोस्टमागे त्याच्या शिफ्टची कंपनीची बस येऊन हॉर्न वाजवायला लागली. भिकाने गोल मारला आणि तसाच पळत जाऊन बसमध्ये चढला. समोरच्या टीमला वाटलं, हे याचं सेलिब्रेशन! खिडकीतून तो ओरडला, "सर, बस उनी, मी चालनू!"

आधीच नऊ होतो; उरलेली मॅच आठ जणांत खेळलो आणि हरलो.

*

एकदा सात गोलांनी हरलो. सरांनी बॅग भरली आणि एचआरच्या साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. साहेब म्हणाले, "सर, प्रोडक्शन झालं ना? मग टेन्शन कशाला?"

बाहेर येऊन सर मला म्हणाले, "हरल्यावर काढून टाकतील, अशी तरी नोकरी हवी रे."

*

कॅन्टीनच्या टीव्हीवर त्यांच्या जुन्या क्लबची मॅच होती. सरांनी घडवलेला पोरगा मिडफिल्डला. सर उभ्यानेच बघत होते. मध्येच ओरडले, "डावीकडे बघ!" आणि टीव्हीतल्या त्या पोराने खरंच डावीकडे पास दिला. आम्ही टाळ्या वाजवल्या. सर बेसिनवर गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. मला फार वाईट वाटलं.

*

मागच्या हिवाळ्यात अखेर एका क्लबचा निरोप आला. दुपारी चारला व्हिडिओ कॉलवर मुलाखत. ग्राउंडवर रेंज चांगली, म्हणून सर ठेवणीतला ट्रॅकसूट घालून तिथल्या बाकावर बसले.

त्यांना शुभेच्छा द्यायला आम्ही एकेक करून पोचलो. फर्स्ट शिफ्टवाले सुटून थेट, सेकंडवाले आपल्या जागी दुसरा माणूस उभा करून, नाइटवाले झोप मोडून. आधी कुणी काही ठरवलं नव्हतं.

फोनवरचे साहेब विचारत होते, "निवड झाली तर लगेच जॉइन व्हाल ना?"

आमच्याकडे बघत सर बोटांवर मोजत होते. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

मग म्हणाले, "साहेब, तासाभराने बोललो तर चालेल का? आज माझे अकराच्या अकरा आलेत."

आणि फोन बाकावर पालथा ठेवून ते खिशात शिट्टी शोधायला लागले.