बर्टच्या टाइपरायटरची खंडेनवमी

अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये मी एका लेखकाचा टाइपरायटर नारळ फोडून बंद पाडला. तोही पूर्ण श्रद्धेने!

मुलाकडे राहायला गेलो ते साल दोन हजार सहा. शेजारी बर्ट, वय ऐंशीच्या पुढे. टीव्ही काळा-पांढरा होता तेव्हा हा घोडेवाल्यांच्या मालिका लिहायचा, पुढे सिनेमेही लिहिले. (मी चौथी नापास, पण लेखक बघितल्याबरोबर ओळखतो. कोपरावर ठिगळ आणि मान ताठ!) त्याच्या लिखाणावर नट मोठे झाले, घोडेसुद्धा गाजले, बर्टला कुणी विचारलं नाही. शेवटी त्या वर्षी गावच्या लायब्ररीने त्याचा सत्कार ठेवला. संध्याकाळी स्टेजवर, त्याच जुन्या टाइपरायटरवर, तो पहिल्या मालिकेची पहिली ओळ टाइप करून दाखवणार होता.

नेमकी त्या दिवशी खंडेनवमी! बर्टने मशीन पुसून पायरीवर ठेवलं आणि केस कापायला गेला. मी म्हटलं, जन्मभर पोट भरलेलं हत्यार, आणि आज बिनपूजेचं? हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडू खोवला. नारळ फोडायला आख्ख्या कॉलनीत दगड मिळेना. मशीन मात्र चांगलं लोखंडी होतं...

फाट्! (पाणी सगळं आत. खोबरं तेवढं वाचलं.)

सून वैशाली धावत आली. "अप्पा! काय केलंत हे?"

"पूजा."

"अहो, त्यांचा प्रोग्रॅम आहे आज!"

"मग कॅन्सल कर. पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नसतो."

"आणि हे त्यांना कोण सांगणार?"

"तू. माझं काम झालं."

बर्ट केस कापून आल्यावर वैशालीने सांगितलं. बर्टने झेंडूकडे बोट दाखवलं. "नो टच?"

"नो टच!" मी ठणकावलं.

त्याने मशीन उचललं आणि गेला. (हट्टी म्हातारा! मला असली माणसं आवडत नाहीत.)

लायब्ररी भरलेली. बर्टने पहिलं बटण दाबलं आणि कुंकू उडून थेट पांढऱ्या शर्टावर! बटण रुतलं ते वर येईना. दुसरंही रुतलं. वैशाली माझ्याकडे बघेना, मी छताकडे बघत बसलो.

बर्ट उठला, काहीतरी बोलला आणि सगळा हॉल हसत उभा राहिला. वैशाली कानात म्हणाली, "ते म्हणतायत, निर्मात्यांनी जन्मभर माझ्या लिखाणावर लाल पेन्सिल फिरवली. लाल रंगाने पूजा करणारा हा पहिलाच!"

मग त्याने मला स्टेजवर ओढून माइक दिला. मी खंडेनवमीचं महत्त्व सांगितलं. मराठीत. लोक घरी जाईपर्यंत.

पुढच्या वर्षी वैशाली सकाळीच ताट घेऊन उभी. "अप्पा, यंदा तुमच्या हत्याराची पूजा."

"माझं कसलं आलंय हत्यार?"

"जीभ. पूजा झाली की दिवसभर वापरायची नाही!"

नारळ बर्टने आणला होता.